मनातून उतरलेल्या पुस्तकानंतर

सिनेमा आवडला नाही, तर तीन तासांत सुटका होते. आमटी बिघडली, तर रात्रीला दुसरी करता येते. पुस्तकाचं तसं नसतं. न आवडलेलं पुस्तक पंधरा-पंधरा दिवस उशाशी पडून राहतं. चष्म्याचं घर त्याच्यावर, गोळ्यांची रिकामी पट्टी खूण म्हणून त्याच्यात. पुढे वाचवत नाही आणि बाजूलाही ठेववत नाही. शेवटी कधीतरी ते कपाटात जातं आणि मग दुसरीच अडचण सुरू होते. आता पुढचं कोणतं वाचायचं? हात कशालाच जात नाही. पुन्हा तसंच निघालं तर, अशी धास्ती वाटत राहते.

वाचणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव केव्हा ना केव्हा आलेला असतो, पण त्यावर कुणी फारसं बोलत नाही. आवडलेल्या पुस्तकांवर लेख येतात, व्याख्यानं होतात, समारंभही होतात. न आवडलेल्या पुस्तकानंतर वाचकानं काय करावं, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. आज त्याबद्दलच थोडं बोलावं म्हणते.

मी राहते हैदराबादच्या काचीगुड्यात. भाजी घ्यायला निघालं, तर कोपऱ्यापर्यंत जाईतो मराठी, तेलुगू, कन्नड, मारवाडी आणि दखनी अशा पाच भाषा कानावर पडतात. इथला रिक्षावालासुद्धा ‘नक्को’ म्हणतो, तो आपलाच ‘नको’ आहे. माझं माहेर धर्माबाद. त्यामुळे काचीगुडा, निजामाबाद, बासर, धर्माबाद हा माझा सासर-माहेरचा रस्ता. आमच्या घरातली पुस्तकंही याच रस्त्यानं आली. काचीगुडा स्टेशनची घुमटांची इमारत १९१६ ची. निजामाच्या रेल्वेचा मनमाडपर्यंतचा फाटा त्याच्याही आधीचा. बासरजवळ गोदावरी ओलांडून नांदेड, परभणी, जालन्याकडे जाणाऱ्या याच मार्गानं मराठी माणसं हैदराबादेत आली. त्यांच्या पाठोपाठ लोणच्याच्या बरण्या आल्या, पापड-कुरडयांचे डबे आले आणि दिवाळी अंकही आले.

पुण्याच्या माणसाला एखादं पुस्तक नाही पटलं, तर तो अप्पा बळवंत चौकात जातो आणि दुसरं घेतो. इथे मराठी पुस्तक बहुतेक वेळा कुणाच्या तरी पिशवीतून यायचं. आता ते घरपोच मागवता येतं हे खरं, पण आधी चार पानं चाळून बघता येत नाहीत. नाव बघायचं, चित्र बघायचं आणि पैसे भरायचे. त्यामुळे आपल्याकडे एक पुस्तक फसलं, की पुढचे महिना-दोन महिने वाचनाविना जातात. कधी कधी त्याहूनही जास्त नुकसान होतं. ते कसं, ते सांगते.

‘मराठी पुस्तकं अशीच असतात का?’

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकीला तिच्या मावसबहिणीनं एक कादंबरी भेट दिली. नाव सांगत नाही, कारण ती कुणाला तरी खूप आवडलेली असणारच. बरीच गाजलेली, मागच्या बाजूला थोरामोठ्यांचे अभिप्राय छापलेली. लेकीचं शिक्षण इंग्रजीतून झालं, शाळेत दुसरी भाषा तेलुगू होती. मराठी ती घरात अस्खलित बोलते, पण वाचताना वेग कमी पडतो. जोडाक्षर आलं की क्षणभर थांबते. तरी तिनं नेटानं सत्तर पानं वाचली. मग एका रात्री पुस्तक मिटून मला विचारलं, ‘‘आई, मराठी पुस्तकं अशीच असतात का गं?’’

मी चरकलेच. पुण्या-मुंबईच्या मुलीनं म्हटलं असतं, की हे पुस्तक कंटाळवाणं आहे. माझ्या लेकीच्या हातात वर्षभरात आलेलं मराठी पुस्तक हे एकच. त्यामुळे तिनं त्या एका पुस्तकावरून सगळ्या भाषेचं माप काढलं. इंग्रजीतलं एखादं पुस्तक फसलं, तर ती दुसरं उचलते, कारण मैत्रिणी दहा नावं सुचवतात. तेलुगूचंही तसंच. मराठीला मात्र एकदाच संधी मिळते आणि ती हुकली, की मूल पुन्हा मराठी पुस्तकाला हात लावत नाही.

हे काही फक्त हैदराबादचं दुखणं नाही. देगलूर, बिलोली, उदगीर, भालकी, बीदर, तिकडे निपाणी, बेळगाव. जिथे घरची भाषा एक आणि शेजारची दुसरी, तिथल्या पुष्कळ घरांत ही गोष्ट घडते. म्हणून ‘पुढचं पुस्तक कोणतं’ हा प्रश्न मला तेव्हा एकदम मोठा वाटू लागला.

माझ्या सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांनी पलंगावरूनच उत्तर दिलं, ‘‘एक आंबा आंबट निघाला म्हणून कुणी आमराई तोडतंय का, बाई?’’ लेक हसली. पण पुढचा आंबा गोड कसा ओळखायचा, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

आधी सुटका करून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे न आवडलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे, हा हट्ट सोडायचा. आपल्यावर लहानपणापासून ‘ताटात टाकू नये’ हा संस्कार असतो आणि तो आपण पुस्तकालाही लावतो. पैसे दिलेत, कुणी प्रेमानं दिलंय, एवढी पानं तर झालीच आहेत, मग आता संपवूच. पण पैसे तर केव्हाच गेलेले असतात. उरलेली दोनशे पानं रेटून ते परत येत नाहीत, वर आणखी पंधरा संध्याकाळी जातात.

अमेरिकेत सिएटल शहरात नॅन्सी पर्ल नावाच्या एक प्रसिद्ध ग्रंथपाल आहेत. वाचकांसाठी त्यांनी एक साधा हिशेब सांगितला आहे. कोणत्याही पुस्तकाला पन्नास पानं द्यायची. तेवढ्यात मन रमलं नाही, तर खुशाल बाजूला ठेवायचं. आणि ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांनी शंभरातून आपलं वय वजा करायचं. जे उरेल, तेवढीच पानं पुस्तकाला द्यायची. वय वाढतं तसा वेळ कमी होत जातो, म्हणून ही सवलत. मी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणून माझी बेचाळीस पानं. सासूबाईंची अवघी पंधरा. हा हिशेब त्यांना सांगितला, तर म्हणाल्या, ‘‘पंधरा कशाला? मला पाचातच कळतंय.’’

दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं तर १९९२ साली लिहिलेल्या एका पुस्तकात वाचकांचे दहा हक्कच मांडले आहेत. त्यांत पानं गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे, तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा आहे आणि मुळात न वाचण्याचाही आहे. पेनाक स्वतः शिक्षक होते. वाचनाची सक्ती झाली, की मुलं पुस्तकापासून पळतात, हे त्यांनी वर्गात बघितलेलं होतं. आपण घरात मुलांना ‘सुरू केलंयस ना, मग संपव’ म्हणतो, तेव्हा हे आठवलं तर बरं.

चार दारं

पुस्तक बाजूला ठेवलं. आता पुढचं कसं निवडायचं? बहुतेक लोक विचारतात, ‘एखादं चांगलं पुस्तक सांगा.’ माझ्या मते गफलत इथेच होते. पुस्तक ‘चांगलं’ असून भागत नाही. गेल्या पुस्तकात आपल्याला काय मिळालं नाही, हे आधी स्वतःला विचारायला हवं. आपण काय शोधत होतो, ते निराशेमुळेच नेमकं कळतं.

नॅन्सी पर्ल यांचं आणखी एक सांगणं इथे उपयोगी पडतं. त्या म्हणतात, की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो. एक गोष्टीचं दार, दुसरं माणसांचं, तिसरं स्थळाचं आणि चौथं भाषेचं. प्रत्येक पुस्तकात ही चारही दारं असतात, पण सगळी सारखी मोठी नसतात. आणि प्रत्येक वाचकाचं आवडतं दार वेगळं असतं. गोष्टीच्या दारानं जाणाऱ्याला भाषेचा मोठा दरवाजा असलेलं पुस्तक दिलं, तर तो उंबऱ्यावरच अडखळतो. यात दोष पुस्तकाचाही नाही आणि वाचकाचाही नाही.

आपल्या मराठीत बघा. ‘पुढे काय झालं?’ या ओढीनं वाचणारा असेल, तर त्याला नारायण धारपांची भयकथा द्यावी, सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ द्यावी. तो रात्रीचा दिवा लवकर मालवणार नाही. ज्याला माणसांत रस आहे, त्याच्यासाठी पु. ल. देशपांडे यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ आहे, व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आहेत. यांत आणखी एक सोय आहे. एक प्रकरण वाचून थांबता येतं. वाचनाचा वेग कमी असलेल्या मुलांना ही सोय फार मोलाची वाटते, कारण ‘एवढं जाड पुस्तक’ ही भीतीच राहत नाही.

स्थळाचं दार आवडणाऱ्यांना माडगूळकरांचीच ‘बनगरवाडी’ आहे, गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ आहे. आपल्या मराठवाड्याची हवा हवी असेल, तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आहे, मराठवाडी बोलीतच सांगितलेली. धर्माबादेत वाढलेल्या माणसाला ती वाचताना आपल्याच वाड्यात कुणी बोलतंय असं वाटतं. आणि भाषेच्या दारानं जाणाऱ्यांना दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ द्यावं, किंवा जी. ए. कुलकर्णींच्या कथा द्याव्यात. जी. ए. जन्मानं बेळगावकडचे, नोकरीनं धारवाडचे. म्हणजे आपल्या सीमाभागाचेच. पण पहिलंच मराठी पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या हातात ‘काजळमाया’ देऊ नये. त्याला अजून अवकाश असतो.

मी लेकीला विचारलं, ‘‘त्या कादंबरीत तुला काय नाही आवडलं?’’ आधी म्हणाली, ‘‘सगळंच.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘त्यात सगळे मुंबईत. लोकल, चाळ, ऑफिस. मला त्यातलं काहीच माहीत नाही. आपलं काहीच नाही त्यात.’’

तिचं दार सापडलं. तिला गोष्ट नको होती, भाषेचा थाट तर नकोच होता. तिला आपलं गाव हवं होतं. जिथे ती जन्मली ते हैदराबाद आणि जिथे ती मे महिन्याच्या सुटीत जाते तो नांदेडकडचा मुलूख.

शोधायचं कुठे?

हैदराबादच्या मराठी वाचकाला तीन-चार ठिकाणं माहीत असायला हवीत. काचीगुड्याहून कोठी जवळच. कोठीच्या इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, निजामी राजवटीपासूनचं. मुसीच्या काठी अफजलगंजला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८९१ मध्ये ‘आसफिया’ या नावानं ते सुरू झालं. तिथे उर्दू, तेलुगू, इंग्रजीबरोबर मराठीचाही संग्रह आहे. आणि आबिड्सला दर रविवारी बंद दुकानांसमोरच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे इंग्रजी पुस्तकंच जास्त, पण ढीग उपसायची तयारी असेल, तर तळाशी एखादं मराठी पुस्तकही निघतं. आतल्या पानावर कुणाचं तरी नाव आणि ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं असतं.

ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाचा मोठा फायदा हा, की ते न आवडण्याची भीती नसते. आवडलं नाही, तर परत करायचं. म्हणून फसलेल्या पुस्तकानंतरचं पुस्तक शक्यतो विकत घेऊ नये, आणावं. एक नाही, तीन आणावीत. तिन्हींची पहिली दहा पानं वाचावीत आणि जे आपोआप अकराव्या पानावर जाईल, ते ठेवावं.

ग्रंथालयशास्त्राचे भारतातले आद्य पुरुष डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपली पाच सूत्रं पुस्तकरूपानं मांडली. त्यांतली दोन मला फार आवडतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. माझ्या लेकीनं मिटलेली ती कादंबरी मी दादरला राहिलेल्या एका शेजारणीला दिली. तिनं ती चार दिवसांत संपवली आणि डोळे पुसत परत आणून दिली. चाळ तिच्या ओळखीची होती ना!

योगायोग असा, की त्याच १९३१ साली हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे १९६५ मध्ये वा. ल. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली इथे पुन्हा संमेलन झालं. या शहरात मराठी पुस्तक हा काही कालपरवाचा पाहुणा नाही.

पुस्तकांवर जगलेली भाषा

निजामाच्या राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणाचं माध्यमही उर्दूच. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी रयत मोठी, पण त्यांच्या भाषांना राजाश्रय नव्हता. अशा वेळी लोकांनी भाषा टिकवली ती शाळांमधून आणि ग्रंथालयांमधून. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींच्या पुढाकारानं विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी राहिली. तेलुगू भाषकांनी १९०१ मध्ये आमच्या शेजारच्या सुलतान बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय काढलं. त्यात पुढाकार घेणारे कोमर्राजू लक्ष्मणराव हे नागपूरला शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे. त्यांनी तेलुगूत शिवाजी महाराजांचं चरित्रही लिहिलं. शेजारच्या भाषांनी एकमेकींना हात दिला, तो असा.

आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादेत आले, ते मामांकडे. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक. पुढे कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राचार्य झाले आणि साऱ्या महाराष्ट्राला त्यांची विद्वत्ता ठाऊक झाली. पुस्तकांच्या घरात राहिलेला मुलगा कुठवर जातो, याचं हे आपल्याच मुलखातलं उदाहरण. प्रत्येक घरात कुरुंदकर निपजणार नाहीत हे उघड आहे. पण जेवणाच्या टेबलावर दोन मराठी पुस्तकं पडलेली असणं तर कुणालाही जमण्यासारखं आहे.

लेकीनं काय निवडलं?

आम्ही तीन पुस्तकं आणली. ‘माणदेशी माणसं’, सेतुमाधवराव पगडींचं आत्मचरित्र ‘जीवनसेतू’ आणि अनंत भालेरावांचं ‘पेटलेले दिवस’. पगडी मूळचे निलंग्याचे, हैदराबाद संस्थानात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले. भालेराव म्हणजे ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक, हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते. ‘पेटलेले दिवस’ त्याच काळाच्या आठवणींचं. मला वाटलं होतं लेक माडगूळकर उचलेल, कारण पुस्तक लहान आणि सोपं. तिनं उचललं ‘पेटलेले दिवस’. ओळखीच्या गावांची नावं दिसली म्हणाली.

वेग कमीच होता. काही शब्द अडले. पण ते विचारायला ती इंटरनेटकडे गेली नाही, आजीकडे गेली. सासूबाईंचं माहेर उमरीचं. जानेवारी १९४८ मध्ये तिथली बँक मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी लुटली, तेव्हा त्या जेमतेम आठ वर्षांच्या. इतकी वर्षं या घरात त्या दिवसांबद्दल त्या कधी फारसं बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं. आता लेक पुस्तकातलं एक पान वाचायची आणि आजी दोन पानांचं सांगायची. दारं आतून लावून बसलेली घरं, रझाकारांची भीती, सप्टेंबरात फौजा आल्याची बातमी आणि त्यानंतर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी सोसलेलं. ते सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

पुस्तक संपायला पावणेदोन महिने लागले. ते लेकीला ‘आवडलं’ का, हे मी विचारलं नाही. तिनं ‘जीवनसेतू’ची मुदत वाढवून आणायला सांगितली, तेवढं पुरे. ‘माणदेशी माणसं’ सध्या सासूबाईंच्या उशाशी आहे. पंधरा पानांचा हिशेब त्यांनी केव्हाच ओलांडला.

तेव्हा मंडळी, तुमच्याकडेही कुणी पुस्तक अर्धवट मिटून बसलं असेल, तर त्याला रागावू नका आणि लगेच ‘हे बघ, याला पुरस्कार मिळालाय’ म्हणून दुसरं पुढेही करू नका. त्यात काय नाही मिळालं, ते विचारा. गोष्ट, माणसं, गाव की भाषा? उत्तर आलं, की जवळच्या वाचनालयात जा, तीन पुस्तकं आणा आणि निवडायचं काम त्याच्यावरच सोडा. न आवडलेलं पुस्तक रद्दीत मात्र घालू नका. तुमच्याच गल्लीत एखादी दादरची शेजारीण असते, ती त्याची वाट बघत असेल.